मोडलेल्या हाताला वहीचा पुठ्ठा बांधून मॅच जिंकून देणारा क्लाइव्ह चर्चिल कोण होता?

लिटल मास्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच माणूस येतो. पांढरी टोपी, सरळ बॅट, सुनील गावसकर. पण ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रेडफर्न भागात जाऊन हेच नाव घेतलं तर तिथली म्हातारी माणसं क्रिकेटबद्दल बोलणारच नाहीत. ते सांगतील क्लाइव्ह चर्चिलची गोष्ट. आणि दहापैकी नऊ वेळा सुरुवात १९५५ सालच्या त्या एका मॅचपासून होईल.

त्या मॅचमध्ये चर्चिलचा हात मोडला होता. म्हणजे मुका मार, लचक वगैरे नाही. हाड मोडलं होतं. तरीही तो शेवटपर्यंत मैदानात होता.

पण तो मैदान सोडून गेला का नाही, हे समजून घ्यायचं असेल तर हा खेळ मुळात काय होता आणि तो कशावरून सुरू झाला, ते आधी बघावं लागतंय.

आपल्याकडे रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखाना आठवतो, नाहीतर अभिनेता राहुल बोस. ती रग्बी वेगळी. तिला म्हणतात रग्बी युनियन. चर्चिल खेळायचा तो खेळ म्हणजे रग्बी लीग. बॉल तसाच अंडाकृती, आडवंतिडवं अंगावर जाणं तसंच, पण युनियनमध्ये १५ खेळाडू असतात आणि लीगमध्ये १३. आणि ही दोन घरं वेगळी झाली ती पैशावरून.

झालं असं होतं की, इंग्लंडच्या उत्तर भागात रग्बी खेळणारी बरीच पोरं खाणीत आणि कारखान्यांत कामाला होती. शनिवारी मॅच खेळायची तर कामावर खाडा करावा लागायचा आणि तेवढी मजुरी बुडायची. क्लबवाले म्हणाले, बुडालेली मजुरी तरी आम्ही भरून देतो. पण खेळाची सूत्रं ज्यांच्या हातात होती त्या मंडळींना ते मान्य नव्हतं. खेळ हौसेसाठीच खेळायचा, असा त्यांचा हट्ट. ज्यांच्या घरची चूल त्या मजुरीवर पेटत नव्हती त्यांना हा हट्ट परवडत होता. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली.

ऑस्ट्रेलियात हीच गोष्ट १२ वर्षांनी घडली आणि तिथे कारण ठरली एक दुखापत. ॲलेक बर्डन नावाचा सिडनीचा खेळाडू खेळताना जायबंदी झाला. काम बंद, कमाई बंद. युनियनने भरपाई दिली नाही. खेळाडूंमध्ये आधीच धुसफूस होती, तिला या प्रकरणाने वाट मिळाली. ८ ऑगस्ट १९०७ ला सिडनीत बेटमन्स क्रिस्टल हॉटेलमध्ये काही जण जमले आणि न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. या मंडळींमध्ये एक नाव असं आहे की क्रिकेटवाले चमकतील. व्हिक्टर ट्रंपर. होय, तोच, ऑस्ट्रेलियाचा महान बॅट्समन. नव्या लीगचा खजिनदार तो झाला.

म्हणजे ज्या खेळात मोडलेल्या हाताची दंतकथा झाली, तो खेळ त्या देशात उभा राहिला तोच जखमी माणसाच्या बुडालेल्या पगारावरून.

तर आता येऊ चर्चिलकडे.

क्लाइव्ह बर्नार्ड चर्चिलचा जन्म २१ जानेवारी १९२७ चा. गाव न्यूकॅसल, सिडनीच्या उत्तरेला समुद्रकाठी, कोळशाच्या खाणींसाठी आणि पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. शंभर शंभर किलोचे गडी अंगावर येतात त्या खेळात हा देह म्हणजे पैलवानांच्या आखाड्यात कॉलेजचं पोरगं उतरल्यासारखं. पण पाय असे की पकडायला गेलेला माणूस हवेतच हात मारत राहायचा.

१९४७ ला तो सिडनीच्या साउथ सिडनी क्लबकडे आला. हा क्लब रेडफर्नचा, कामगार वस्तीतला. हिरवे लाल पट्टे आणि टोपणनाव रॅबिटोज. जुन्या काळी या भागात ससे मारून त्यांचं मांस गल्लोगल्ली ओरडत विकणारे असायचे, त्यांच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. दुसऱ्याच वर्षी, १९४८ ला, चर्चिल ऑस्ट्रेलियाच्या संघात होता आणि त्या वर्षाच्या शेवटी इंग्लंडच्या दौऱ्यावर.

त्याची जागा फुलबॅकची. हा खेळाडू सगळ्यांच्या मागे उभा असतो. समोरचा गडी बाकीच्या बारा जणांना चुकवून आला की त्याला अडवणारा शेवटचा माणूस हाच. उंच उडालेला बॉल झेलायचा, लांब किक मारून परत पाठवायचा आणि कुणी सुटून आला तर त्याला पाडायचं. चर्चिलच्या आधीचे बहुतेक फुलबॅक एवढंच करायचे. चर्चिल मात्र बॉल झेलला की किक मारायच्या ऐवजी पळत सुटायचा. मागून येऊन आपल्याच हल्ल्यात एक जादा माणूस म्हणून घुसायचा. समोरच्यांनी तेरा जणांची मोजणी केलेली असायची बाराची आणि हा तेरावा कुठूनतरी उगवायचा. आज रग्बी लीगमध्ये फुलबॅक ही हल्ल्याची मुख्य जागा मानली जाते, त्याची सुरुवात या माणसापासून झाली असं तिथले जाणकार मानतात.

इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने असा धुमाकूळ घातला की वर्किंग्टन टाऊन या इंग्लिश क्लबने त्याच्यापुढे १०,००० पौंड ठेवले. त्या काळात ही रक्कम म्हणजे आयुष्याची बेगमी होती. पण दोन्ही देशांच्या लीगनी एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत असं ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तो सौदा फिसकटला. चर्चिल सिडनीतच राहिला. तिथे रग्बी लीगमध्ये पैसे मिळायचे खरे, पण आजच्यासारखे नाही. मॅचमागे काही पौंड मिळायचे आणि बहुतेक खेळाडू आठवडाभर दुसरं काम करायचे. हात मोडला तर दोन्हीकडची कमाई धोक्यात.

१९५० ला तो देशाचा कॅप्टन झाला. क्रिकेटसारखीच रग्बी लीगमध्येही इंग्लंडवाले आणि ऑस्ट्रेलियामधली ॲशेस असते आणि ती ऑस्ट्रेलियाने १९२० नंतर जिंकलीच नव्हती. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर तिसरी कसोटी होती. पावसाने मैदानाचा असा चिखल झाला होता की भाताची लावणी करता आली असती. त्या चिखलात रॉन रॉबर्ट्सने कोपऱ्यात एक ट्राय केला आणि ऑस्ट्रेलियाने ५-२ ने मॅच मारली. ३० वर्षांचा दुष्काळ संपला. १९५४ ला पुन्हा ॲशेस जिंकली, तेव्हाही कॅप्टन चर्चिलच. इकडे साउथ सिडनीही विजेतेपदांची रास घालत होती. १९५०, १९५१, १९५३, १९५४.

मग आलं १९५५.

साउथ सिडनीची त्या वर्षीची सुरुवात एवढी खराब होती की अर्ध्या हंगामातच लोकांनी त्यांचं नाव खोडून टाकलं. गणित असं झालं होतं की इथून पुढे एकही मॅच हरली तर खेळ खल्लास. ते एक एक मॅच काढत होते आणि अशातच समोर आली मॅनली.

मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. एका टॅकलमध्ये चर्चिलचा हात मोडला.

आता आजचा प्रेक्षक म्हणेल, त्यात काय, बदली खेळाडू घ्यायचा. इथेच खरी गोम आहे. त्या काळी सिडनीच्या रग्बी लीगमध्ये बदली खेळाडूची सोयच नव्हती. तेरा जण उतरले की तेराच. एक जण जखमी होऊन बाहेर गेला की उरलेल्या बारा जणांनी मॅच काढायची. आणि बाहेर जाणारा फुलबॅक असेल तर मागचं दार सताड उघडं. त्यामुळे जखमी खेळाडूपुढे दोनच पर्याय असायचे. एक तर आपल्या माणसांना बारावर सोडून जायचं, नाहीतर आहे त्या अवस्थेत उभं राहायचं. नुसतं उभं राहिलं तरी समोरच्यांना त्याच्याकडे एक माणूस ठेवावा लागायचा. जखम घेऊन खेळण्याची जी मर्दुमकी म्हणून आज सांगतात, तिच्या मुळाशी हा नियम होता. खेळाडू शूर होते यात शंका नाही, पण नियमाने त्यांना दुसरी वाटही ठेवली नव्हती.

चर्चिलच्या हाताला आधार द्यायला रीतसर काही नव्हतं. मग शाळेच्या वहीचा पुठ्ठा घेतला, तो हाताभोवती गुंडाळून बांधला आणि गडी परत खेळायला लागला. मोडलेल्या हाताने फुलबॅक खेळायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. वरून येणारा बॉल दोन्ही हातांनी छातीशी झेलायचा. पळत येणाऱ्या माणसाच्या कमरेला मिठी मारायची. दर वेळी तोच हात मध्ये येणार.

वेळ संपत आली तेव्हा साउथ सिडनी मागे होती. शेवटच्या क्षणी त्यांनी एक ट्राय केला आणि स्कोअर ७-७ झाला. ट्रायनंतर एक किक मिळते. बॉल दोन खांबांच्या मधून आडव्या दांडीवरून गेला की २ गुण. पण ही किक ट्राय जिथे झाला त्याच्या सरळ रेषेत मागे जाऊन मारावी लागते. ट्राय झाला होता कडेला, त्यामुळे किकही मैदानाच्या पार कडेवरून. तिथून ते दोन खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

किक मारायला पुढे आला चर्चिल.

त्या काळी मातीचा छोटा ढिगारा करून त्यावर बॉल उभा करायचे आणि समोरून सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारायचे. पाय धड होते, पण धावताना तोल सांभाळतात हात. चर्चिलने किक मारली. बॉल खांबांमधून गेला. साउथ सिडनी ९, मॅनली ७.

त्या हंगामापुरतं चर्चिलचं खेळणं तिथेच संपलं. हाड जुळायला लागणारा वेळ वहीच्या पुठ्ठ्याने कमी होत नाही. बाकीचे मात्र जिंकतच गेले. सलग ११ मॅच मारून १७ सप्टेंबरला फायनलमध्ये त्यांनी न्यूटाउनला १२-११ ने हरवलं. एका गुणाने. सिडनीत आजही याला ५५ चा चमत्कार म्हणतात. ज्याने तो चमत्कार जिवंत ठेवला त्याच्या नशिबी ती फायनल बाहेर बसून बघणं आलं.

पोस्ट आणि रीलमध्ये गोष्ट साधारण इथे संपते. चर्चिलची कारकीर्द मात्र इथून उतरणीला लागली.

त्याच वर्षी फ्रान्सने ऑस्ट्रेलियात येऊन मालिका २-१ ने जिंकली होती. पुढच्या वर्षी देशाचं कप्तानपद त्याच्याकडून केन कर्नीकडे गेलं. १९५६-५७ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो गेला, तिसऱ्यांदा, पण पहिल्या कसोटीनंतर त्याची संघातली जागाही गेली. तिच्यावर गॉर्डन क्लिफर्ड आला. ज्या माणसाने फुलबॅक म्हणजे काय हे नव्याने शिकवलं, तो बाहेर. हे सगळं त्या मोडलेल्या हातामुळे झालं असं म्हणणं घाईचं होईल. तिशीला आलेलं शरीर, दर हंगामाची मारझोड आणि संघातलं राजकारण, सगळंच त्यात होतं. पण कारकिर्दीचा चढ कुठे संपला हे शोधत गेलं तर बोट १९५५ वरच थांबतं.

१९५९ ला तो सिडनी सोडून ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स क्लबकडे गेला. खेळाडू म्हणून दिवस भरत आले होते. त्याच वर्षाअखेर ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला निघाला तेव्हा तो कोच म्हणून सोबत होता. त्या संघात रेग गॅस्नियर नावाचा विशीतला पोरगा होता. इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत त्याने तीन ट्राय केले. याच गॅस्नियरचा पाय १९६७ च्या दौऱ्यात मोडला. तो परत खेळायला उतरला, पाय परत गेला आणि २८ व्या वर्षी त्याने बूट टांगले. त्या पायाची कुणी दंतकथा केली नाही. मॅच जिंकून दिली तर दुखापत लक्षात राहते, नाहीतर ती डॉक्टरच्या कागदावर राहते.

१९६७ ला चर्चिल आपल्या जुन्या साउथ सिडनीचा कोच झाला आणि क्लबचे सोन्याचे दिवस परत आले. १९६७, १९६८, १९७०, १९७१. पाच वर्षांत चार विजेतेपदं. मधलं १९६९ हुकलं, त्याचा किस्सा भारी आहे. फायनलला समोर होती बाल्मेन. साउथ सिडनी एवढी तगडी की निकाल लोकांनी आधीच ठरवून टाकलेला. पण मॅचमध्ये बाल्मेनचे खेळाडू एकामागून एक जमिनीवर आडवे व्हायला लागले. कुणाचा पाय, कुणाची पाठ. दर वेळी खेळ थांबायचा आणि साउथ सिडनीची लय तुटायची. बाल्मेनने ११-२ ने फायनल मारली. ती दुखापत नसून ठरवून केलेलं नाटक होतं, अशी चर्चा आजही रंगते. खरी दुखापत लपवून मॅच जिंकलेल्या माणसाचा संघ खोट्या दुखापतीने हरला, असं साउथ सिडनीचे लोक अजून चिडून सांगतात.

आणि मग १९७०. १९ सप्टेंबर, फायनल, समोर पुन्हा मॅनली.

साउथ सिडनीचा कॅप्टन होता जॉन सॅटलर. मॅचच्या पहिल्या दहा मिनिटांच्या आसपास बॉलपासून लांब असताना त्याच्या तोंडावर ठोसा बसला आणि जबडा मोडला. सॅटलरने शेजारच्या सहकाऱ्याला धरून उभं राहायला मदत मागितली, कारण आपल्याला लागलंय हे समोरच्यांना कळता कामा नये. मध्यंतरात ड्रेसिंगरूममध्ये प्रकार उघड झाला. तरी तो परत मैदानात उतरला आणि शेवटपर्यंत खेळला. साउथ सिडनी २३-१२ ने जिंकली. ट्रॉफी घेऊन, तशा तोंडाने भाषण करून मग तो दवाखान्यात गेला.

त्या ड्रेसिंगरूममध्ये कोच म्हणून बसलेला माणूस क्लाइव्ह चर्चिल होता. पंधरा वर्षांपूर्वी पुठ्ठा बांधून खेळलेल्या माणसाने जबडा मोडलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने बाहेर बस म्हणायचं? रेडफर्नमध्ये वाढलेल्या प्रत्येक पोराला पुठ्ठ्याची गोष्ट पाठ होती. क्लबमध्ये मान कशाने मिळतो, हे त्या गोष्टीने ठरवून टाकलं होतं आणि ज्याच्या नावावर ती होती त्यालाही आता ती मोडता येणार नव्हती.

१९७५ ला त्याने कोचपद सोडलं. १९८१ ला रग्बी लीग वीक या मासिकवजा साप्ताहिकाने आजवरच्या खेळाडूंमधून चार जणांना इमॉर्टल्स म्हणजे अमर असा किताब दिला. चर्चिल, जॉनी रेपर, रेग गॅस्नियर आणि बॉब फुल्टन. चार वर्षांनी, ९ ऑगस्ट १९८५ ला, कॅन्सरने चर्चिल गेला. वय ५८. पुढच्याच वर्षी सिडनी क्रिकेट ग्राउंडच्या एका स्टँडला त्याचं नाव मिळालं. त्याच वर्षापासून फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला क्लाइव्ह चर्चिल मेडल द्यायला सुरुवात झाली. २००८ ला ऑस्ट्रेलियन रग्बी लीगच्या शंभरीनिमित्त शतकाचा संघ निवडला तेव्हा फुलबॅकच्या जागेवर त्याचंच नाव होतं.

दरम्यान खेळ बदलला. बदली खेळाडू आले. डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन तपासणं सक्तीचं झालं, मग त्याची खेळायची कितीही इच्छा असो. आज चर्चिलसारखा हात मोडला तर बाकावर बदली खेळाडू तयार बसलेले असतात.

साउथ सिडनीचं नशीब मात्र चर्चिलबरोबरच गेल्यासारखं झालं. त्याच्या हाताखाली १९७१ ला जिंकलेल्या विजेतेपदानंतर पुढचं यायला तब्बल ४३ वर्षं लागली. ५ ऑक्टोबर २०१४ ला फायनलमध्ये त्यांनी कँटरबरीला ३०-६ ने धुतलं. त्या मॅचच्या पहिल्याच धडकेत साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसचं गालाचं हाड मोडलं. बाकावर बदली खेळाडू होते. तो पूर्ण ८० मिनिटं खेळला. सुजलेल्या, बंद होत आलेल्या डोळ्याने त्याने त्या रात्री जे मेडल गळ्यात घातलं, त्यावर नाव होतं क्लाइव्ह चर्चिलचं.